पक्षाघातोत्तर नैराश्याचे मापन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप (विशेष संदर्भ : बीड जिल्हा)

प्रस्तावना :
पक्षाघाताला ग्रामीण भागात ‘लकवा’ किंवा ‘अंगावरून वारे जाणे’ असे म्हणतात. रुग्ण घरी आला की हातपाय किती हलू लागले याकडे कुटुंबाचे लक्ष असते. तो बोलेनासा झाला, त्याची अन्नावरची वासना उडाली, तर ‘त्याने हाय खाल्ली’ एवढ्यावर विषय संपतो. वस्तुतः पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश व्यक्तींना नैराश्य येते, असे जागतिक अभ्यासांच्या आढाव्यांतून दिसून आले आहे. ‘सर्च’ संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार ग्रामीण गडचिरोलीत दर सात मृत्यूंपैकी सुमारे एक पक्षाघातामुळे झाला होता. हा शहरी आजार आहे, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. या पार्श्वभूमीवर नैराश्यातील बदल मोजण्याच्या साधनांचा इतिहास आणि बीड जिल्ह्यातील त्यांची उपयुक्तता यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मापनसाधनांचा विकास :
मॅक्स हॅमिल्टन यांची १७ घटकांची पदनिश्चयन श्रेणी १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत गुण वैद्यक देतो. १९६१ मध्ये ॲरन बेक यांनी २१ घटकांची शोधिका तयार केली. तीत रुग्ण स्वतः उत्तरे देतो. ही दोन्ही साधने पक्षाघाताच्या रुग्णांसाठी घडलेली नव्हती. झोप, थकवा, कार्यक्षमता यांना त्यांत गुण आहेत. परंतु या तक्रारी पक्षाघातामुळेही उद्भवतात. परिणामी शरीर सुधारले म्हणून गुण घटतात आणि मन सुधारल्याचा भास होतो. १९८३ मध्ये झिगमंड व स्नेथ यांनी शारीरिक लक्षणे बव्हंशी वगळून १४ घटकांची श्रेणी मांडली, ती या अडचणीवरील एक महत्त्वाचे पाऊल होय.

दुसरी अडचण वाचेची होती. वाचाघात झालेला रुग्ण प्रश्नावलीबाहेरच राहत असे. १९९८ मध्ये नादिना लिंकन व सहकाऱ्यांनी काळजीवाहकाच्या निरीक्षणावर आधारलेली प्रश्नावली प्रसिद्ध करून ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. २००१ मधील नऊ प्रश्नांची प्रश्नावली मागील दोन आठवड्यांची स्थिती ० ते २७ गुणांत मोजते. तीत ५ गुणांचा फरक अर्थपूर्ण मानला जातो.

बीड जिल्ह्याचा संदर्भ :
जिल्ह्यात अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये, तर त्यातील जिल्हास्तरीय कार्यक्रम १९९६ मध्ये देशात सुरू झाला. तथापि बदल मोजायचा तर त्याच रुग्णाचे किमान दोनदा मापन हवे. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास तरुण जोडपी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, ती हंगाम संपल्यावरच परततात. वृद्ध व आजारी माणसे बहुधा गावीच राहतात. पहिल्या वेळी सुनेने दिलेली माहिती दुसऱ्या वेळी शेजाऱ्याकडून घ्यावी लागली, तर दोन निरीक्षकांतील फरकच रुग्णातील बदल म्हणून नोंदला जाण्याचा धोका असतो. शिवाय रुग्णाला फडावरून आलेल्या माणसांच्या सहवासाने उभारी आली की उपचाराने, हेही ठरवता येत नाही.

भाषेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. ‘नैराश्य’ हा शब्द ग्रंथातला आहे. रुग्ण ‘मन लागत नाही’, ‘कशात जीव नाही’ असे म्हणतो. प्रश्नांच्या मराठी अनुवादात ही बोली न आल्यास कमी गुण म्हणजे निव्वळ न कळलेला प्रश्न ठरू शकतो.

समारोप :
युनायटेड किंग्डममधील ‘फोकस’ या ३,१२७ रुग्णांच्या चाचणीत (२०१८) फ्लुओक्सेटिन या औषधाने नैराश्याचे प्रमाण घटले, मात्र कार्यक्षमतेत सुधारणा झाली नाही आणि अस्थिभंग वाढले. शरीराची व मनाची नोंद स्वतंत्रपणे ठेवणे का आवश्यक आहे, हे यावरून स्पष्ट होते. बीडमध्ये अशी नोंद ठेवताना साधन, निरीक्षक व बोली दोन्ही वेळा तीच राहावी आणि मापनाच्या तारखा ऊस हंगाम ध्यानात घेऊन ठरवाव्यात. असे झाल्यास ‘हाय खाल्ली’ या बोलामागचा आजार वेळेवर ओळखता येईल.