घोड्यांचा खोकला आणि बॉस्टनची आग

सन १८७२ च्या सप्टेंबरअखेरीस कॅनडातील टोरोंटो शहराच्या उत्तरेकडच्या खेड्यांत घोडे खोकू लागले. अंगात ताप, नाकातून घट्ट स्राव, चाऱ्याला तोंड न लावणे आणि कोरडा, ठसक्याचा खोकला. ऑक्टोबरच्या पहिल्या काही दिवसांत टोरोंटोतील भाड्याच्या गाड्यांचे आणि ट्रामचे तबेले आजारी घोड्यांनी भरून गेले. महिना संपण्यापूर्वी साथ न्यूयॉर्क आणि बॉस्टनला पोचली होती, आणि १८७३ च्या वसंत ऋतूत ती थेट पॅसिफिक किनाऱ्याला जाऊन टेकली. ज्या गावात ती शिरे तेथील जवळजवळ सर्व घोडे आजारी पडत. मरत मात्र थोडे: बहुतेक ठिकाणी शंभरात एक-दोन, क्वचित दहापर्यंत.

हा घोड्यांचा इन्फ्लुएंझा होता, असे आज आपण म्हणतो. त्या काळी मात्र विषाणू ही कल्पनाच जन्माला यायची होती. घोड्यांच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू प्रयोगशाळेत वेगळा केला गेला तो १९५६ साली.

शंभरात एक-दोन मृत्यू म्हणजे फार मोठे संकट नव्हे, असे वाटेल. पण त्या काळच्या शहराचे चित्र डोळ्यांपुढे आणले पाहिजे. एका शहरातून दुसऱ्या शहरात माल आगगाडीने जाई; स्टेशनापासून घरापर्यंतचा कोळसा, दूध, भाजी, टपाल हे सारे घोडा ओढी. शहरातील ट्रामही घोड्यांचीच. (आपल्या मुंबईत १८७४ साली सुरू झालेली ट्रामही घोडेच ओढत, आणि तिचे कंत्राट एका अमेरिकन कंपनीकडे होते.) आग विझवण्याचा बंब पाण्याचा फवारा वाफेच्या जोरावर मारी, पण आगीपर्यंत त्याला ओढून नेणारा घोडाच होता. सगळे घोडे एकाच आठवड्यात आजारी पडल्यावर शहर जागच्या जागी थांबले. काही ठिकाणी बैल जुंपले गेले, काही ठिकाणी माणसांनीच गाड्या ओढल्या.

साथ कोणाच्या चुकीने आली, हा प्रश्न त्या वेळी निरर्थकच होता. ती आल्यानंतर कोण कसे वागले, हे मात्र विचारता येत होते. न्यूयॉर्कमध्ये हा प्रश्न भर रस्त्यात विचारला गेला. ट्राम कंपन्या आजारी घोड्यांनाही जुंपत होत्या. उतारूंची सोय थांबवायची कशी, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारी संस्था १८६६ साली स्थापन करणारे हेन्री बर्ग रस्त्यावर उभे राहून अशा ट्राम थांबवू लागले आणि खोकणारे घोडे सोडवून तबेल्यात परत पाठवू लागले. खोळंबलेल्या उतारूंनी त्यांना दुवा दिला असेल असे आम्हाला वाटत नाही. पण बर्ग यांच्या पाठीशी केवळ दयाबुद्धी नव्हती, कायदाही होता. १८६७ च्या कायद्याने त्यांच्या संस्थेच्या माणसांना अटकेचाही अधिकार दिला होता. घोडा मालकाचा असला तरी त्याला कसे वागवले याचा जाब समाज विचारू शकतो, हे त्या कायद्याने मान्य केले होते.

बर्ग पशुवैद्य नव्हते, तरी ते जे सांगत होते ते शास्त्राच्या कसोटीला उतरते. श्वासनलिकेच्या आतील अस्तरावर केसांसारखे सूक्ष्म रोमक असतात. ते सतत हलत राहून धूळ आणि जंतू वर ढकलतात. हे झाडलोटीचे काम करणाऱ्या पेशीच इन्फ्लुएंझाचा विषाणू नष्ट करतो. त्या पूर्ववत होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. ताप उतरला, घोडा खाऊ लागला, म्हणून त्याला लगेच जुंपले, तर जोरजोराने श्वास घेताना जंतू आणि धूळ थेट फुप्फुसात उतरतात आणि साध्या फ्लूचा न्यूमोनिया होतो. जितके दिवस ताप, तितके आठवडे विश्रांती, असा नियम आज पशुवैद्य सांगतात. तेव्हा १८७२ साली जे घोडे मेले, त्यांतील काहींच्या मृत्यूचे कारण विषाणूपेक्षा जूच होते, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरा प्रश्न अधिक शांतपणे विचारला गेला. साथ हवेतून, म्हणजे वातावरणातील काही बिघाडामुळे येते, असे अनेक जाणकारही मानत. तसे असेल तर कोणालाच काही करता येत नाही आणि कोणावर जबाबदारीही येत नाही! न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्यातील डॉ. ए. बी. जडसन यांनी एक साधे काम केले. कोणत्या गावात पहिला घोडा कोणत्या तारखेला आजारी पडला, याची माहिती त्यांनी गावोगावहून गोळा केली आणि ती नकाशावर मांडली. साथ वाऱ्याबरोबर सरकली नव्हती. घोड्यांची ने-आण ज्या मार्गांनी होई त्या मार्गांनी, जणू तिकीट काढूनच, ती गेली होती. सूक्ष्मदर्शकाला हातही न लावता रोगाच्या संसर्गजन्यतेचा पुरावा उभा राहिला. शाळेत गोवर किंवा डोळ्यांची साथ येते तेव्हा नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना गल्लीवार तारखा मांडून असा नकाशा सहज करता येईल. मात्र आजारी मुलांची नावे त्यावर घालू नयेत.

तिसरा प्रश्न विचारला गेला तो बॉस्टनमध्ये. ९ नोव्हेंबर १८७२ च्या संध्याकाळी समर स्ट्रीटवरील एका गोदामाच्या तळघरात आग लागली. दुसऱ्या दिवशी ती आटोक्यात आली तोवर ७७६ इमारती आणि सुमारे ६५ एकरांचा व्यापारी भाग जळून गेला होता. शहरातील घोडे आजारी होते. बंब माणसांनी दोरांनी ओढत आणले होते. मग कारण शोधायला दूर कशाला जायचे? घोड्यांच्या साथीने बॉस्टन जाळले, हे वाक्य तेव्हापासून आजपर्यंत अनेकांनी लिहिले आहे.

परंतु शहराने चौकशी समिती नेमली. समितीने साक्षी घेतल्या आणि १८७३ साली त्या छापून लोकांपुढे ठेवल्या. अग्निशमन दलाचे प्रमुख जॉन डॅम्रेल यांनी घोडे आजारी पडताच बंब ओढण्यासाठी जादा माणसे नेमली होती. त्यामुळे घोड्यांअभावी झालेला उशीर फक्त काही मिनिटांचा ठरला. खरी कारणे आधीपासून जमिनीखाली आणि छपरावर होती. पूर्वी घरे होती तेथे उंच गोदामे उभी राहिली, पण पाण्याचे नळ जुन्याच व्यासाचे राहिले. फवारा वरच्या मजल्यांपर्यंत पोचेना. छपरे लाकडी, पोटमाळे मालाने भरलेले. खोटे इशारे टाळण्यासाठी आगीच्या इशारापेट्यांना कुलपे लावलेली. बाहेरगावाहून मदतीला आलेल्या बंबांच्या नळ्या बॉस्टनच्या नळांना बसेनात, कारण आटे वेगळे. मोठ्या व्यासाचे नळ हवेत, अशी मागणी डॅम्रेल यांनी आधीच केली होती. आदल्या वर्षी शिकागो जळाले तेव्हा तेथे जाऊन त्यांनी पाहणीही केली होती. नगरपालिकेने खर्चाचे कारण देऊन त्यांचे ऐकले नव्हते.

याचा अर्थ साथीचा काहीच वाटा नव्हता, असा नाही. सुरुवातीच्या आगीत काही मिनिटेही मोलाची असतात. पण मिनिटे मोजली गेली, म्हणूनच नळांचा व्यास मोजण्याची पाळी आली. खोकणाऱ्या घोड्यांवर सारे ढकलणे सर्वांच्याच सोयीचे होते; घोड्यांना साक्ष देता येत नाही.

पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, अमेरिकेतील अग्निशमन प्रमुखांची पहिली परिषद बाल्टिमोर येथे भरली. डॅम्रेल तिचे पहिले अध्यक्ष झाले, आणि सर्व शहरांतील नळांचे आटे सारखे असावेत हा विषय तेथे निघाला. सन १९०४ च्या फेब्रुवारीत त्याच बाल्टिमोरला प्रचंड आग लागली. वॉशिंग्टन आणि इतर शहरांतून बंब धावून आले, पण त्यांच्या नळ्या बाल्टिमोरच्या नळांना बसल्या नाहीत. त्या वेळी घोडे ठणठणीत होते.