एंजिनातील मिश्र भाग आणि इतिहासाचा पुरावा : बी. एम. सी.च्या ‘बी’ मालिकेचे उदाहरण

जुनी मोटार पुन्हा बांधताना एका आवृत्तीच्या एंजिनाचे भाग दुसऱ्या आवृत्तीच्या एंजिनात बसविण्याचा प्रघात सर्वत्र आढळतो. संग्राहक त्यास भेसळ म्हणतो, मिस्त्री त्यास सोय म्हणतो. औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासकाने या दोन्ही मतांच्या पलीकडे जाऊन पाहिले पाहिजे. कारण, कोणता भाग कोठे बसतो आणि कोठे अडतो यांवरून कारखान्याने काय जपले आणि काय टाकून दिले, याचा उलगडा कागदपत्रांच्या अभावीही पुष्कळसा होऊ शकतो.

सुटे भाग परस्परांच्या जागी बसले पाहिजेत, ही कल्पना मोटारधंद्यात सिद्ध झाली ती १९०८ मध्ये. इंग्लंडमधील ब्रुकलंड्झ येथे रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली कॅडिलॅक कंपनीच्या तीन एक-सिलिंडरी गाड्या पूर्णपणे सुट्या करण्यात आल्या. त्यांचे भाग एकत्र मिसळले गेले, त्यांतील काही काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातील नवे भाग घालण्यात आले, आणि पाने व पेचकस यांखेरीज दुसरे हत्यार न वापरता तिन्ही गाड्या पुन्हा उभ्या करून ५०० मैल चालविण्यात आल्या. त्या वर्षीचा ड्यूअर चषक कंपनीस मिळाला. तथापि या प्रसिद्ध प्रयोगाची मर्यादा क्वचितच सांगितली जाते. मिसळले गेलेले सर्व भाग एकाच नमुन्याचे आणि एकाच काळाचे होते. दहा वर्षांच्या अंतराने बनलेले भाग एकत्र आणल्यास काय होईल, हा प्रश्न ब्रुकलंड्झ येथे विचारलाच गेला नव्हता.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची ‘बी’ मालिका विशेष उपयुक्त आहे. ऑस्टिन व मॉरिस ही दोन प्रतिस्पर्धी घराणी १९५२ मध्ये एकत्र आली, आणि पुढच्याच वर्षी एमजी मॅग्नेट या गाडीत १४८९ घन सेंटिमीटरचे ‘बी’ एंजिन अवतरले. १९५९ मध्ये एमजीए गाडीसाठी त्याचे १५८८, १९६१ मध्ये १६२२ आणि १९६२ मध्ये एमजीबीसाठी १७९८ घन सेंटिमीटर झाले. या सर्व वाढीत पिस्टनची धाव ८८.९ मिलिमीटर, म्हणजे साडेतीन इंच, इतकीच राहिली. वाढला तो सिलिंडरचा व्यास : ७३.०२ मिलिमीटरवरून क्रमाने ७५.४, ७६.२ आणि अखेरीस ८०.२६. मोठ्या संख्येने उत्पादन करणारी यंत्रे एकदा विशिष्ट मापांसाठी मांडली की ती हलविणे अतिशय खर्चाचे असते. सिलिंडर थोडा रुंद कोरणे त्यामानाने स्वस्त. जुन्या ब्लॉकवर नव्या आवृत्तीचे सिलिंडर-हेड ठेवले असता बोल्टांची भोके जुळतात, त्यामागे हाच हिशेब आहे.

परंतु भोके जुळली म्हणजे एंजिने जुळली असे नव्हे. एमजीबीचे हेड मूळ १४८९च्या ब्लॉकवर चढविण्याची युक्ती कारागिरांमध्ये जुनी आहे. त्या हेडच्या झडपा मोठ्या, त्यामुळे हवेचा प्रवाह अधिक मोकळा. मात्र त्यातील ज्वलनकक्षही मोठा आहे. एमजीएच्या १४८९च्या हेडमध्ये तो सुमारे ३८ घन सेंटिमीटर, तर या हेडमध्ये सुमारे ४३. परिणामी ८.३ हे संपीडनाचे प्रमाण ७.७ च्या आसपास उतरते आणि झडपांनी मिळविलेले कक्ष घालवून बसतो. हेडचा पृष्ठभाग घासून हे प्रमाण परत आणता येते, पण तेवढ्याने काम संपत नाही. जुन्या सिलिंडरचा व्यास लहान असल्याने मोठी एक्झॉस्ट झडप उघडताना ब्लॉकच्या काठास अडते, आणि तिला वाव देण्यासाठी ब्लॉकवर खाच कोरावी लागते. ही खाच पुन्हा बुजविता येत नाही. अभ्यासकाने ती पाहिली, तर सध्या कोणतेही हेड बसविलेले असो, या ब्लॉकवर पूर्वी कधीतरी मोठ्या झडपांचे हेड घालण्याचा बेत झाला होता, असे अनुमान त्याने करावयास हरकत नाही.

खरी फट पडते ती क्रँकशाफ्टपाशी. १५८८ व १६२२ च्या एंजिनांत क्रँकशाफ्ट तीन मुख्य बेअरिंगांवर फिरे आणि त्याच्या मुख्य मानेचा व्यास दोन इंच असे. १७९८ च्या पहिल्या आवृत्तीत बेअरिंगे तीनच राहिली, पण मान सव्वादोन इंचांस एक अष्टमांश इंच कमी, म्हणजे २.१२५ इंच झाली. १९६४ अखेर बेअरिंगांची संख्या पाच करण्यात आली. बाहेरून दोन्ही ब्लॉक सारखे दिसत असले, तरी पाच बेअरिंगांचा क्रँकशाफ्ट तीनांच्या ब्लॉकमध्ये जात नाही. मागील बाजूस तेल अडविण्याची रीतही बदललेली असल्याने गिअरपेटीशी जोडणारी पाठीमागची पत्रापट्टीसुद्धा तपासून घ्यावी लागते. म्हणूनच एमजीएमध्ये १७९८ चे एंजिन घालणारे पुष्कळदा तीन बेअरिंगांची आवृत्ती पसंत करतात.

येथे एक बाब नोंदविण्याजोगी आहे. मुख्य बेअरिंगांच्या टोप्या त्या त्या ब्लॉकसह एकत्र कोरलेल्या असतात. एकाच आवृत्तीच्या, एकाच दिवशी बनलेल्या दोन ब्लॉकांतही त्यांची अदलाबदल करता येत नाही. ब्रुकलंड्झचे तत्त्व कारखान्याने जेथे परवडले तेथेच पाळले. जेथे अधिक अचूकपणा हवा होता तेथे जुनी जोडीजोडीने घडविण्याची पद्धतच टिकली.

या साऱ्याचा संबंध पुराव्याच्या मोलाशी आहे. एंजिनाचा क्रमांक ब्लॉकवरील पट्टीवर असतो, आणि ती पट्टी हेड, क्रँकशाफ्ट वा पिस्टन यांविषयी काहीच सांगत नाही. शिवाय खुद्द बी. एम. सी. कंपनी पुनर्बांधणी केलेली एंजिने ‘गोल्ड सील’ या नावाने जुन्या एंजिनाच्या बदल्यात देत असे. कारखान्यानेच जो व्यवहार चालविला, त्यास ग्राहकाने केलेली लबाडी समजणे न्याय्य नाही. मूळ क्रमांक जुळणारी गाडी ‘शुद्ध’ आणि इतर सर्व ‘अशुद्ध’, ही बाजाराची विभागणी इतिहासलेखनात जशीच्या तशी घेणे धोक्याचे आहे. तिच्यामुळे दुरुस्तीचा दीर्घ इतिहास पुसला जातो. आक्षेप घ्यावयाचा तो नोंद न ठेवण्यावर. आंतरराष्ट्रीय जुन्या वाहनांच्या महासंघाने अंगीकारलेल्या तुरीन सनदेतही बदललेले भाग ओळखता यावेत, असा आग्रह धरलेला आहे.

भारताचा या प्रकरणाशी निकटचा संबंध आहे. मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेल्या हिंदुस्थान अँबॅसडरमध्ये प्रारंभी १४७६ घन सेंटिमीटरचे, बाजूस झडपा असलेले एंजिन होते. १९५९ मध्ये त्याची जागा १४८९ च्या ‘बी’ एंजिनाने घेतली. ब्रिटनमध्ये एमजीबीचे उत्पादन १९८० मध्ये थांबले, तरी उत्तरपाडा येथे हे एंजिन त्यानंतरही बनत राहिले. जन्मभूमीत इतिहासजमा झालेली आवृत्ती येथे नव्या गाडीत मिळे. त्यामुळे भारतातील १४८९ च्या एंजिनाचे वय केवळ त्याच्या मापांवरून ठरविता येत नाही. ब्लॉक, हेड आणि क्रँकशाफ्ट यांवरील ओतकामाच्या खुणा व मुद्रित क्रमांक स्वतंत्रपणे वाचून, त्यांतील सर्वांत अलीकडील खूण कोणती हे प्रथम निश्चित करावे लागते.