‘कंपनी’ : एका पंक्तीचा इतिहास

‘कंपनी’ हा शब्द आता मराठीत कोणालाच परका वाटत नाही. मुलगा कंपनीत नोकरीला लागतो, लष्कराच्या पलटणीत कंपनी असते, जुनी माणसे नाटक कंपनीच्या आठवणी काढतात आणि एकट्या बसलेल्या स्नेह्याला ‘जरा कंपनी देतो’ असे आपण सहज म्हणतो. याच नावाच्या सत्तेने 1818 नंतर चाळीस वर्षे पुण्यावर राज्यही केले. इतक्या भिन्न गोष्टींना एकच नाव कसे पडले? प्रश्न कोशकारांचा वाटतो. परंतु एकत्र येणारी माणसे एकमेकांचे काय लागतात, हा त्याच्या पोटातील प्रश्न आहे, आणि त्यासाठीच आम्ही हा विषय घेतला आहे.

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत सापडते. ‘कुम्’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे भाकरी. ज्याच्यासह आपण भाकरी खातो तो ‘कोम्पानिओ’, आणि अशांचा समुदाय ती कंपनी. गॉथिक भाषेतही ‘भाकरीचा वाटेकरी’ या अर्थाचा, अगदी याच घडणीचा शब्द सोबत्यासाठी होता. पोर्तुगिजांनी आपल्याकडे आणलेला ‘पाव’ याच ‘पानिस’चा वंशज. म्हणजे पाव आणि कंपनी ही एकाच कुळातील भावंडे होत.

मध्ययुगात भाकरीचा हा वाटा तलवारीकडे आणि तागडीकडे असा दोन्हीकडे गेला. एका नायकाच्या हाताखाली लढणारी व एकत्र जेवणारी शिपायांची टोळी ती कंपनी. फ्रान्सच्या सातव्या चार्ल्सने 1445 मध्ये अशाच कंपन्यांची खडी फौज उभारली. तिकडे फ्लॉरेन्समध्ये भाऊबंद भांडवल एकत्र करून व्यापार करीत, तीही कंपनीच. तेथे नफा वाटून घेत, तसा तोटाही. बार्दी व पेरुत्सी या बलाढ्य पेढ्या 1340 नंतरच्या काही वर्षांत बुडाल्या, तेव्हा भागीदारांची घरेदारेही त्या तडाख्यातून सुटली नाहीत. पंक्तीला बसावयाचे तर ताट रिकामे राहण्याचीही तयारी हवी, असा तो व्यवहार होता.

31 डिसेंबर 1600 रोजी एलिझाबेथ राणीने लंडनच्या दोनशेंहून अधिक व्यापाऱ्यांना पूर्वेकडील व्यापाराची सनद दिली. आरंभी प्रत्येक सफरीचे भांडवल निराळे असे. गलबते परतली की हिशेब मिटवून वाटण्या होत. पुढे 1657 मध्ये भांडवल कायमचे झाले. या बदलाचे महत्त्व मोठे आहे. भागीदार येत-जात राहिले, भाग विकले-घेतले गेले. पण कंपनी मात्र माणसांपासून सुटून स्वतंत्रपणे जगू लागली. सोबत्यांवाचूनची सोबत अशी ही विलक्षण वस्तू होती. 1668 मध्ये मुंबई बेट तिला वर्षाला दहा पौंड भाड्याने मिळाले. दीडशे वर्षांनी पेशवाई तिच्या घशात गेली.

1833 च्या कायद्याने तिचा व्यापार बंद झाला, तरी भागीदारांचे ताट वाढलेलेच राहिले. शेकडा साडेदहा लाभांश हिंदुस्थानच्या महसुलातून द्यावा, असे त्याच कायद्याने ठरविले. भाकरी इकडच्या रयतेची. पंगत मात्र लंडनला! त्या काळच्या मराठी लेखनात या शब्दाचे ‘कुंपणी’ असे रूप आढळते. कुंपणाशी त्याचे नाते नाही. परंतु कुंपणानेच शेत खाल्ल्याची म्हण ज्या भाषेत आहे, तिच्यात हे रूप रुळावे, हा योगायोग बोलका खरा. 1858 मध्ये कंपनीचे राज्य संपले आणि 1 जून 1874 रोजी कंपनीही संपली.

आता मौज पाहा. ज्या शब्दाने आम्हांला गुलाम केले, तोच आमच्या लोकांनी नाटकवाल्यांना दिला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. त्यांच्या संस्थेच्या नावात ‘मंडळी’ होते, पण गाव म्हणे, ‘कंपनी आली!’ बिऱ्हाड एक, आचारी एक, मुक्काम एक. राजाचे सोंग घेणारा आणि पडदा ओढणारा दोघेही कंपनीचेच अन्न खात. मालक-नोकर हा भेद, मानापमान, रुसवेफुगवे तेथेही होते. तरी शब्दाचा मूळ अर्थ या बिऱ्हाडात पुन्हा जिवंत झाला. 1913 मध्ये निघालेली गंधर्व नाटक मंडळी पुढे कर्जात रुतली, तेव्हा बालगंधर्वांनी तो भार आपल्या शिरावर घेतला.

याच्या उलट, 1855 मध्ये इंग्लंडात मर्यादित जबाबदारीचा कायदा झाला. भागीदाराचे नुकसान त्याच्या भागापुरते ठरले. आम्ही त्याला नावे ठेवीत नाही. त्या तत्त्वावाचून सामान्य माणसाची छोटी शिल्लक मोठ्या कारखान्यात लागली नसती. परंतु जबाबदारीला मर्यादा घालता येते, तशी माणुसकीला घालता येत नाही. कोणतीही कंपनी पाहावी आणि विचारावे : येथे राबतो कोण, जेवतो कोण, आणि ताट रिकामे झाले तर उपाशी उठतो कोण? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असेल, तेथे तो शब्द आपल्या अर्थाला जागला असे समजावे.