बिनतिकिटाची मुंबई

सुटी लागली कीं पुण्यानाशकाकडची, वऱ्हाडाकडची पुष्कळ मंडळी मुंबईस आपल्या नातेवाइकांकडे येतात. यजमान गृहस्थ पहिले दोन दिवस मोठ्या हौसेनें सर्वांना हिंडवितो. तिसऱ्या दिवशीं तो हळूच पाकीट चाचपूं लागतो. श्रोतेहो, गेल्या उन्हाळ्यांत माझीहि हीच अवस्था झाली. नाशिकचा माझा धाकटा भाऊ सहकुटुंब आला होता. तिसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच्या दहा वर्षांच्या मुलाला मीं म्हटलें, "आज आपण बिनतिकिटाची मुंबई पाहूं." दुपार कलल्यावर ओव्हल मैदानाच्या कडेला बसून आम्ही भुईमुगाच्या शेंगा खात होतों. समोर क्रिकेटचे आठदहा डाव एकाच वेळीं चालले होते. मुलानें विचारलें, "काका, इथें बसायला खरंच तिकीट नाहीं?" मीं म्हटलें, "नाहीं." त्यावर तो म्हणाला, "मग याचे पैसे कोणीं दिले?"

प्रश्न पोरवयाचा खरा. पण उत्तर देतांना माझी तारांबळ उडाली. आज तेंच उत्तर जरा सावकाशीनें देण्याचा विचार आहे. या शहरांत जें जें फुकट मिळतें, त्याची किंमत कोणी तरी, केव्हां तरी मोजलेली आहे. ती कोणीं मोजली हें ठाऊक असलें म्हणजे पाहण्याची गोडी वाढते, आणि पाहणाऱ्याच्या माथ्यावर थोडी जबाबदारीहि येते.

प्रथम मैदानाचीच गोष्ट घेऊं. आझाद, क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज या नांवांनीं आज ओळखलीं जाणारीं चार मैदानें मुळांत एकाच मोकळ्या पटांगणाचे तुकडे आहेत. इंग्रज त्याला एस्प्लनेड म्हणत. हें पटांगण मुलांच्या खेळासाठीं किंवा नागरिकांच्या आरोग्यासाठीं राखलेलें नव्हतें. तें तोफांसाठीं राखलेलें होतें. कंपनी सरकारच्या कोटावर परकी फौज, विशेषतः फ्रेंचांची, चालून आलीच तर तटावरील तोफांच्या माऱ्याआड घर किंवा झाड येतां कामा नये, म्हणून तटाबाहेरचीं घरें आणि नारळीचीं झाडें काढून टाकण्यांत आलीं. १८०३ च्या फेब्रुवारींत कोटांत भयंकर आग लागून वस्तीचा मोठा भाग भस्मसात् झाला. त्यानंतर ही मोकळी जागा आणखी वाढविण्यांत आली आणि अनेक हिंदी कुटुंबांना आपलीं बिऱ्हाडें पटांगणापलीकडे हलवावीं लागलीं. ओव्हलच्या हिरवळीची पहिली किंमत मोजली ती या विस्थापितांनीं. त्यांचीं नांवें कोणत्याहि शिळेवर कोरलेलीं नाहींत.

फ्रेंच काहीं आले नाहींत. १८६२ सालीं गव्हर्नर झालेल्या सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दींत तट पाडण्यांत आले आणि जेथें तटाचा चर्चगेट नांवाचा दरवाजा होता, तेथें १८६४ सालीं फ्लोराचें कारंजें उभें राहिलें. त्याच चौकांत आज संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांतील हुतात्म्यांचें स्मारक आहे. तट गेला, तोफा गेल्या. त्यांच्यासाठीं राखलेली जागा मात्र राहिली.

परंतु जागा मोकळी राहिली म्हणजे ती सर्वांची राहिली, असें होत नाहीं. पुढें याच मैदानावर हिंदी तरुण, त्यांतहि मुख्यतः पारशी, क्रिकेट खेळूं लागले. तेथेंच युरोपियन मंडळी घोड्यांवर बसून पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनीं जमीन उखडे आणि दुसऱ्या दिवशीं चेंडू कसाहि उसळे. युरोपियनांचें स्वतःच्या क्रिकेटचें मैदान निराळें व सुरक्षित होतें, हें विशेष. १८८१ सालीं हिंदी खेळाडूंनीं शेंकडों सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. निकाल कधीं इकडे झुकला, कधीं तिकडे. तंटा कित्येक वर्षें चालला. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थानें १८९७ सालीं या झगड्याची हकीकत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. ओव्हलवर आज कोणीहि पोर बॅट घेऊन उतरतो, त्यामागें हे अर्जहि आहेत.

ओव्हलवर बसलें कीं पूर्वेस विद्यापीठाचा राजाबाई मनोरा दिसतो. त्याचे ठोके ऐकण्यास पैसे पडत नाहींत. पण त्यांच्यामागें एक मोठा जुगार दडलेला आहे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईंत पैशाचा पूर लोटला. त्या पुरांत सर्वांत उंच लाटेवर आरूढ झालेले प्रेमचंद रायचंद यांनीं १८६४ सालीं विद्यापीठाचें ग्रंथालय आणि त्यावरील मनोरा यांसाठीं मोठी देणगी दिली. अट एवढीच कीं मनोऱ्यास आपल्या मातोश्री राजाबाई यांचें नांव असावें. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. प्रेमचंदांचें दिवाळें निघालें. परंतु देणगी दिलेली होती. मनोरा १८७८ सालीं पुरा झाला, तो असा बुडालेल्या संपत्तीच्या डोक्यावर उभा आहे.

मैदानाच्या पश्चिमेस १९३० नंतरच्या काळांतल्या गोलसर सज्जांच्या इमारती आहेत. पूर्वेच्या गॉथिक आणि पश्चिमेच्या आर्ट डेको, अशा समोरासमोर उभ्या असलेल्या या दोन्ही रांगांना २०१८ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत स्थान दिलें. ऊन फारच झालें तर जवळच काळा घोड्याला जहांगीर कलादालन आहे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगींतून १९५२ सालीं तें उघडलें. तेथें प्रवेशशुल्क नाहीं. मुलांना चित्रें उमगलीं नाहींत तरी बिघडत नाहीं, सांवली उमगते.

तेथून समुद्राकडे चालावें. जुन्या काळीं विद्यापीठाच्या व न्यायालयाच्या इमारतींसमोर मैदान आणि आगगाडीचे रूळ ओलांडले कीं पाणीच होतें. आज मध्यें जी वस्ती आणि मरीन ड्राइव्हचा रस्ता आहे, ती सारी समुद्र हटवून मिळविलेली जमीन. ही भरणी सरकारी पैशानें, म्हणजे तुमच्याआमच्या आजोबापणजोबांच्या पैशानें झाली, आणि ती नीट झाली नाहीं. १९२० नंतरच्या दशकांत खर्चाचे अंदाज कोलमडले, काम रखडलें. वीर खुर्शेद नरिमन यांनीं त्या कारभारावर उघड आरोप केले. एका अधिकाऱ्यानें त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. १९२८ सालीं नरिमन निर्दोष सुटले. ज्या टोंकाला आज नरिमन पॉइंट म्हणतात, तें नांव त्यांचेंच. संध्याकाळीं कठड्यावर बसून गार वारा खातांना या हिशेबाची आठवण क्वचितच कोणास होते.

रस्त्यानें पुढें जातां चर्नी रोड स्थानक लागतें. या नांवाच्या व्युत्पत्तीविषयीं मतभेद आहेत. परंतु एक प्रसिद्ध हकीकत अशी कीं, कोटाबाहेरच्या त्याच मैदानावर गुरें चारण्यासाठीं सरकारनें कर बसविला, तेव्हां गरीब गवळ्यांची अडचण पाहून सर जमशेटजी जीजीभाई यांनीं ठाकुरद्वाराकडील जमीन स्वतःच्या पैशानें विकत घेऊन ती फुकट चराईसाठीं मोकळी केली. चरणी म्हणजे चराईची जागा; तेंच नांव आगगाडीनें उचललें म्हणतात.

स्थानकापुढें गिरगांवची चौपाटी. भेळपुरीला पैसे पडतात, वाळूला पडत नाहींत. या वाळूवर १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्य टिळकांवर अंत्यसंस्कार झाले. तेथें आज त्यांचा पुतळा उभा आहे. १९३० सालीं याच किनाऱ्यावर लोकांनीं मीठ तयार करून कायदा मोडला. त्या पोटीं कोणीं लाठ्या खाल्ल्या, कोणीं तुरुंग सोसला. समुद्राचें पाणी आणि उन्हाची आंच या दोन फुकटच्या वस्तूंवर सरकारनें कर बसविला होता. भांडण तेवढ्याचेंच होतें, आणि तें लहान नव्हतें.

चौपाटीवरून मलबार टेकडी चढावी. वाळकेश्वराला समुद्रापासून हांकेच्या अंतरावर बाणगंगेचें गोडें पाणी आहे. येथील देऊळ रामा कामती या धनाढ्य शेणवी व्यापाऱ्यानें १७१५ सालीं पुन्हां बांधविलें. पुढें १७२० सालीं कान्होजी आंग्र्यांशीं संधान बांधल्याच्या आरोपावरून कंपनीनें त्याला कैदेंत टाकलें आणि तो कैदेंतच मेला. त्याच्याविरुद्धचीं पत्रें बनावट होतीं हें मागाहून उघडकीस आलें. दाता तुरुंगांत गेला, पण त्याच्या देवळाच्या पायरीवर आजहि कोणीहि बसूं शकतो.

टेकडीच्या माथ्यावर पिरोजशहा मेहता उद्यान आहे; लोक त्याला हँगिंग गार्डन म्हणतात. मुलें तेथें झुडपांचे कातरून केलेले प्राणी पाहतात. त्यांच्या पायांखालीं शहराच्या पाण्याचा प्रचंड जलाशय आहे, हें त्यांना सांगावें. बाग हें त्या जलाशयाचें झांकण. हा जलाशय पाडून नवा बांधण्याच्या योजनेंत शेंकडों झाडें जाणार असें कळतांच २०२३ सालीं नागरिकांनीं विरोध केला आणि तज्ज्ञांची समिति नेमावी लागली.

शेवटची गोष्ट माहीमची. हिच्यासाठीं बस किंवा लोकल पकडावी लागते, तेवढा खर्च माफ असावा. माहीम आणि वांद्रें यांच्यामध्यें पूर्वी खाडी होती. ती होडीनें ओलांडावी लागे आणि पावसाळ्यांत तें जिवावरचें काम असे. रस्ता बांधण्यास सरकार पैसे घालीना. तेव्हां सर जमशेटजींच्या पत्नी आवाबाई यांनीं दीड लाखाहून अधिक रुपये दिले. देतांना त्यांनीं एक अट घातली: या रस्त्यावरून जाणाऱ्यांकडून केव्हांहि पथकर घेऊं नये. १८४५ सालीं रस्ता खुला झाला. दान करणारे पुष्कळ असतात. पण आपल्या दानावर पुढें कोणी जकातीचें नाकें बसवील, हें आधींच ओळखून दार बंद करणारी बाई विरळा. तेथें उभें राहून पश्चिमेस पाहिलें कीं २००९ सालीं झालेला सागरी सेतु दिसतो. तो देखणा आहे; त्यावरून मोटारीनें जाण्यास पथकर लागतो आणि पायीं जाण्यास बंदी आहे. एकाच दृष्टिक्षेपांत दोन काळ दिसतात.

श्रोतेहो, पुतण्याला मीं अखेर असें सांगितलें कीं, कांहींचे पैसे घर गमावलेल्यांनीं दिले, कांहींचे दात्यांनीं, कांहींचे करदात्यांनीं, आणि कांहीं गोष्टी भांडून मिळविलेल्या आहेत. ओव्हलचेंच पहा. १९९० नंतरच्या दशकांत त्याची इतकी दुर्दशा झाली होती कीं शेजारच्या रहिवाशांना न्यायालयांत जावें लागलें, तेव्हां त्याची निगा राखली जाऊं लागली. तिकिटाच्या जागेवर पहारेकरी असतो. बिनतिकिटाच्या जागेवर पहारा कोणाचा? जो तेथें जाऊन बसतो त्याचाच.

उठतांना मीं मुलाला शेंगांचीं टरफलें उचलावयास सांगितलें. तो शाळेंतला पढिक, लगेच म्हणाला, "टिळकांनीं टरफलें उचलायला नकार दिला होता." मीं म्हटलें, "त्यांनीं शेंगा खाल्ल्या नव्हत्या, बाळ. आपण खाल्ल्या आहेत." तो क्षणभर थांबला, हंसला, आणि त्यानें टरफलें कागदाच्या पुडींत भरलीं.