चढलेली तबकडी

आमच्या बँकेत चेक टेबलावर पडलेला असला, तरी रजिस्टरात चढल्याशिवाय तो आला असे आम्ही मानत नाही. संगणकाची जातही हीच, हे मला २००९ साली वरणगावच्या घरी कळले. धाकटीच्या लग्नाची सीडी लावायची होती. त्यात वडील चालते-बोलते आहेत. आता फक्त तिथेच.

सीडी बाजारात आली १९८२ साली. पण 'माउंट', म्हणजे चढवणे, ही आज्ञा युनिक्स प्रणालीत १९७१ पासून आहे. तेव्हा माणूस तबकडी हाताने यंत्रात बसवी आणि मग यंत्राला तसे कळवी. विंडोजने १९९५ साली हा व्याप वाचवला: सीडी घातली की आपोआप सुरू! आमच्याकडे मात्र युनिक्सच्या वळणावर गेलेले लिनक्स. चुलतभावाने फुकट मिळते म्हणून घातलेले, आणि दिवाळीत नवे केलेले.

सीडी नुसती गरगरे. पुसली, फुंकली, देवापुढेही ठेवली. शेवटी चुलतभावाने 'एफएसटॅब' नावाची फाईल उघडली. कोणती तबकडी कुठे चढवायची, याचे ते रजिस्टर. त्यात ड्राइव्हचे नाव 'एचडीसी'. नव्या लिनक्समध्ये त्याचेच झाले होते 'एसआर-शून्य'. म्हणजे साहेबांची बदली झाली, टपाल जुन्याच पत्त्यावर! त्याने ती ओळ काढून टाकली.

सीडी आपोआप चढली. मांडवात वडील आचाऱ्यावर ओरडत होते, "अहो, बट्टीवर तूप घाला!"

आईने पदर डोळ्यांना लावला. मी चष्मा पुसत बसलो. सीडी तर केव्हाच पुसून झाली होती.