‘नागीण’ : एका रोगनामाचा इतिहास

रोगाचे नाव हे त्या रोगाविषयीच्या समजुतीचे संक्षिप्त रूप असते. नाशिक परिसरात, किंबहुना महाराष्ट्रात सर्वत्र ‘नागीण’ या नावाने ओळखला जाणारा विकार हे याचे बोलके उदाहरण होय. छातीच्या किंवा कमरेच्या एका बाजूस प्रथम दाह व ठणका सुरू होतो. काही दिवसांनी त्याच जागी पाण्याने भरलेल्या फोडांचा पट्टा उमटतो. हा पट्टा अंगाभोवती वेढा घालीत चालला आहे, असे पाहणाऱ्यास वाटते. सरपटणे आणि वेढणे या दोन कल्पना ‘नागीण’ या एकाच शब्दात एकवटल्या आहेत.

अन्य भाषांत या कल्पना पृथक् आढळतात. वैद्यकातील ‘हर्पीस झोस्टर’ या संज्ञेचे पहिले पद ‘सरपटणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आले आहे, तर दुसऱ्याचा अर्थ कमरपट्टा असा आहे. इंग्रजी ‘शिंगल्स’ हा शब्दही पट्टावाचक लॅटिन शब्दापासून निघाला आहे. स्पॅनिश लोकभाषेत या रोगास ‘कुलेब्रिया’, म्हणजे लहान साप, म्हणतात, आणि कानडीतील ‘सर्पसुत्तु’ हा शब्द तर मराठी शब्दाचा सख्खा शेजारी शोभतो. संस्कृत ‘सप्त’ व ग्रीक ‘हेप्ता’ यांत जो ध्वनिसंबंध आहे, तोच संस्कृत ‘सृप्’ व ग्रीक ‘हेर्प्’ या धातूंत आहे. अर्थात ‘विसर्प’ आणि ‘हर्पीस’ ही एकाच मूळ धातूची अपत्ये ठरतात.

तथापि शब्दांचे नाते म्हणजे रोगांचे ऐक्य नव्हे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील एकविसाव्या अध्यायात विसर्पाचे सात प्रकार वर्णिले आहेत. त्यांत पसरत जाणारे अनेक त्वचाविकार समाविष्ट होतात. नागिणीशी अधिक जुळते ती सुश्रुताने क्षुद्ररोगांत सांगितलेली ‘कक्षा’. बाहू, कूस, खांदा व काख या स्थानी उठणारे, पित्तप्रकोपजन्य, वेदनायुक्त काळसर फोड असे तिचे लक्षण आहे.

नावाबरोबर भीतीही आली. नागिणीची दोन टोके मिळाली की रोगी दगावतो, ही समजूत मराठी घराघरांत ऐकू येते. ती केवळ या भूमीची नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार प्लिनी यानेही, मनुष्याच्या मध्यभागास वेढणारा हा रोग वेढा पूर्ण झाल्यास प्राण घेतो, असे नमूद केले आहे. परस्परांपासून इतक्या दूर असलेल्या दोन समाजांत एकच भय आढळावे, याचे कारण उसनवारीत शोधण्यापेक्षा पट्ट्याच्या आकृतीत शोधणे अधिक सयुक्तिक होय.

या आकृतीचा उलगडा एकोणिसाव्या शतकात होऊ लागला. बर्लिनच्या बेरेनस्प्रुंग याने 1860 च्या सुमारास तिचा संबंध मज्जातंतूंच्या गंडिकेशी जोडला आणि 1900 मध्ये हेड व कॅम्पबेल यांनी मृतदेहांच्या परीक्षणाने तो दृढ केला. मज्जारज्जूतून निघणारा प्रत्येक तंतू शरीराच्या एकाच अर्ध्या भागातील त्वचेस संवेदना पुरवितो. म्हणून पट्टा सामान्यतः मध्यरेषेपाशी थांबतो आणि टोके मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. प्रतिकारशक्ती अतिशय क्षीण झालेल्या रुग्णात फोड सर्वांगावर पसरू शकतात; परंतु तेथे धोका वेढ्याचा नसून त्या क्षीणतेचा असतो.

कारणाचा शोध निराळ्या वाटेने लागला. नागिणीच्या रुग्णाच्या सहवासातील मुलांना कांजिण्या येतात, हे बुडापेस्टच्या बोकाय याने 1892 मध्ये निदर्शनास आणले. 1950 च्या दशकात वेलर याने दोन्ही रोगांचा विषाणू एकच असल्याचे प्रयोगशाळेत दाखविले. बालपणीच्या कांजिण्यांचा विषाणू गंडिकेत सुप्त राहून उतारवयात पुन्हा जागृत होतो, हा सिद्धान्त इंग्लंडमधील वैद्य होप-सिम्पसन याने 1965 मध्ये मांडला. मराठीने ‘कांजिण्या’ आणि ‘नागीण’ ही नावे इतकी भिन्न ठेवली आहेत की या नात्याची शंकाही शब्दांवरून येऊ नये.

शब्दाचे वजन उपचारावरही पडते. सर्प म्हटला की मंत्राने उतरविणारा आलाच. शिवाय गेरूचा किंवा दूर्वा व तांदूळ वाटून केलेला लेप असे. फोड बहुधा दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकतात, त्यामुळे यशाचे श्रेय मंत्रास सहज मिळे. परंतु त्या काळात गमावलेला वेळ भरून निघत नाही. एसायक्लोव्हिरसारखी विषाणुरोधक औषधे पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केल्यास विशेष गुणकारी ठरतात. उपचार लांबल्यास डोळ्याजवळच्या नागिणीत दृष्टी धोक्यात येऊ शकते. आणि फोड सुकल्यावरही वृद्धांना महिनोन्‌महिने छळणारी वेदना मागे राहू शकते. पन्नाशीनंतर दोन मात्रांत घ्यावयाची प्रतिबंधक लसही आता भारतात उपलब्ध आहे.

नाशिक येथे 1998 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत आयुर्वेद व आधुनिक वैद्यक ही दोन्ही शास्त्रे येतात. एका विद्यार्थ्याच्या पुस्तकात ‘विसर्प’ व ‘कक्षा’, दुसऱ्याच्या पुस्तकात ‘हर्पीस झोस्टर’. रुग्णाच्या तोंडी मात्र ‘नागीण’च असते. तो शब्द टाकून देण्याचे प्रयोजन नाही, कारण रुग्ण आपली व्यथा त्याच शब्दात सांगणार. त्याच्या अर्थातून वेढ्याचे भय वगळून पहिल्या तीन दिवसांचे महत्त्व त्यात भरणे, हे वैद्यकाइतकेच भाषेचेही कार्य होय.