शराभ्यासाचें स्थान व चांदमारी

शस्त्रास्त्रांच्या इतिहासावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तरवारींचे प्रकार, तोफांवरील लेख, दारूखान्याचे जमाखर्च यांचीं टिपणें संशोधकांनीं आस्थेनें केलीं. परंतु हीं शस्त्रें चालविण्याचा अभ्यास लोक करीत कोठें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. दूरच्या लक्ष्याचा वेध घेण्यास शिकावयाचें म्हणजे आधीं जागा पाहिजे, आणि ती मिळणें हेंच कठीण. छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, या शहराचा परिसर डोळ्यांपुढें ठेवून या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शास्त्र पाहूं. शार्ङ्गधराच्या इ. स. १३६३ च्या पद्धतींत धनुर्वेदाचें प्रकरण आहे. पीटर पीटरसन यांनीं तो ग्रंथ १८८८ सालीं मुंबईस प्रसिद्ध केला. वासिष्ठ धनुर्वेद या नांवानें प्रचारांत असलेल्या ग्रंथांतहि यांतील पुष्कळसा मजकूर सांपडतो. लक्ष्य ६० धनुष्यांवर असल्यास उत्तम, ४० वर मध्यम, २० वर कनिष्ठ, असें तेथें सांगितलें आहे. धनुष्य म्हणजे चार हात धरल्यास ६० धनुष्यांचे सुमारें १२० यार्ड होतात. सूर्योदयीं लक्ष्य पश्चिमेस मांडावें, दुपार टळल्यावर पूर्वेस मांडावें, आणि युद्धाचा प्रसंग सोडून दक्षिणाभिमुख लक्ष्य करूं नये. दक्षिण ही यमाची दिशा म्हणून हा निषेध, असें कोणी म्हणेल. आम्हांस त्यांत केवळ धर्मभावना दिसत नाहीं. सूर्य नेमणाऱ्याच्या पाठीशीं असावा, डोळ्यांत येऊं नये, हाच तिन्ही नियमांचा आशय आहे. आणि या शहराच्या अक्षांशावर, जें विसाला थोडें कमी आहे, वर्षाचा बहुतेक काळ मध्यान्हसूर्य दक्षिणेकडेच कललेला असतो.

उत्तर दिशेच्या संबंधानें मात्र 'अवरोधक' असा एक शब्द येतो. उत्तरेकडे लक्ष्य सर्वकाळ चालतें, एवढाच त्याचा भावार्थ करण्याची पद्धत आहे. शब्दाचा सरळ अर्थ आड येणारी वस्तु, थोपविणारी वस्तु. चुकलेला बाण अडविण्यास मागें बांध किंवा भिंत असावी असें ग्रंथकारास सांगावयाचें असेल काय? आमचा कल या अर्थाकडे आहे. ज्यानें एक दिवस जरी नेमबाजीचें मैदान पाहिलें असेल त्यास पाठीमागच्या बांधाचें महत्त्व सांगावें लागत नाहीं.

दुसरा शब्द 'चंद्रक'. लक्ष्य पुरुषभर उंचीचें व चंद्रकानें युक्त असावें असें हाच ग्रंथ म्हणतो. पलटणींच्या नेमबाजीस व तिच्या मैदानास आजहि चांदमारी म्हणतात, आणि गोल ठिपक्यास चांद. या दोन शब्दांत अखंड परंपरा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. गोल वस्तूला चंद्र म्हणणें कोणासहि सुचेल. पण हें साम्य टिपून ठेवण्याजोगें खचित आहे.

दौलताबादची मेंढा तोफ पाहून तेथें गोलंदाजीचा अभ्यास चालत असे, असें अनुमान कित्येक करितात. तें घाईचें आहे. बुरुजावरची तोफ वाटा राखण्यास असते. शिकावयाची जागा निराळी.

खरा पालट रायफलीनें घडविला. मलिक अंबरानें १६१० त वसविलेल्या खडकीच्या पश्चिमेस, खाम नदीपलीकडे, पुढें हैदराबाद कंटिंजंटची छावणी पडली. १८५७ च्या जूनमध्यें तेथील घोडदळांत बंड झालें तें सर्वश्रुत आहे. त्याच सुमारास हिंदुस्थानांत आलेल्या एन्फील्ड रायफलीच्या नेमपट्टीवर ९०० यार्डांपर्यंत खुणा होत्या. जुन्या बंदुकीचा नेम १०० यार्डांपुढें भरंवशाचा नव्हता. म्हणजे जेथें एक शेत पुरत असे तेथें आतां अर्ध्या मैलाची मोकळी पट्टी व तिच्या टोकास टेकडी लागूं लागली. पुढें .३०३ ची गोळी दीड मैलाहूनहि दूर जाऊं लागल्यावर लक्ष्यामागची जमीनसुद्धां निर्मनुष्य ठेवणें भाग पडलें. शास्त्रकाराचे १२० यार्ड कोठें आणि हें कोठें!

ही जमीन कोणाची तरी असते. १९३८ च्या कायद्यानें सरकारास गोळीबाराच्या अभ्यासासाठीं क्षेत्र जाहीर करण्याचा, ठराविक काळ लोकांना तेथून दूर ठेवण्याचा अधिकार दिला, व पिकाच्या नुकसानीची भरपाई महसूल अधिकाऱ्यांनीं ठरवावी अशी तजवीज केली. शेजारच्या नगर जिल्ह्यांत, जेथें १९४८ पासून चिलखती दळाचें शिक्षणकेंद्र आहे, के. के. रेंज हें नांव खारे कर्जुने या गांवावरून पडलें. गांवाचीं आद्याक्षरें तोफखान्याच्या नकाशावर चढलीं. गांवकऱ्यांचे अर्ज, पंचनामे व भरपाईच्या पावत्या मात्र कोणी संग्राह्य मानीत नाहीं. आमच्या मतें बखरीच्या एखाद्या नकलेपेक्षां त्यांची किंमत कमी नाहीं, आणि असे कागद घराघरांतून झपाट्यानें रद्दींत जात आहेत.

ज्या वाचकांच्या संग्रहीं धनुर्वेदाच्या पोथ्या असतील त्यांनीं 'अवरोधक' व 'चंद्रक' या दोन स्थळांचे पाठ ताडून पाहावे, आणि पाठभेद आढळल्यास पोथीच्या शकासह मंडळाकडे कळवावे, अशी विनंति आहे.